शनीची कडी आणि शेगडीवरची फळी

मित्रांनो, गच्चीच्या कठड्यापाशी तीन पायांवर उभी आहे ना, ती मीच, एक जुनी पितळी दुर्बीण. वय विचारू नका. चकाकी कधीच गेली, पण नजर अजून तेज आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी भिंगं घासणारा कारागीर एका भिंगावर दिवसचे दिवस घालवायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चहा पाजून परत पाठवायचा. पुढे कितीतरी वर्षं मी जहाजावर राहून किनाऱ्यावरचे दिवे शोधले. ते जहाज मोडीत निघालं, तेव्हा बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी मला घरी आणलं.

मिस्त्रींनी मला जिवापाड जपलं. खाऱ्या हवेने माझं पितळ खराब होईल, म्हणून त्यांनी मला स्वयंपाकघरात शेगडीवरच्या फळीवर जागा दिली. बाहेर समुद्राचा बोचरा वारा सुटलेला असायचा आणि मी आपली उबेत. आभाळ निवळलं की ते मला लगबगीने गच्चीवर न्यायचे, आणि तिथेच घोळ व्हायचा. नळीत शिरलेली स्वयंपाकघरातली वाफ गारठ्यात भिंगांवर धरायची. मिस्त्री मफलरने काच बाहेरून पुसत राहायचे, वाफ तर आत! शनीच्या जागी त्यांना पांढुरका गोळा दिसायचा. तरी खाली येऊन ते ऐटीत सांगायचे, "कडी अगदी स्वच्छ दिसली."

मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे बोलले असते. पण खरं सांगते, मला त्यांची दयाच यायची. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगणारा माणूस तो. आपल्याला एक दुर्बीण जमत नाही, हे त्याने कोणत्या तोंडाने सांगावं?

यंदाच्या हिवाळ्यात त्यांची नात आठ दिवस राहायला आली. तिला वहीत शनीचं चित्र काढायचं होतं. "आबा, तुम्ही पाहिलीत तशीच कडी मला दाखवा," ती म्हणाली. मिस्त्रींचा चेहरा उतरला. पाच दिवस समुद्रावर दाट धुकं होतं, आणि धुक्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सहाव्या दिवशी सकाळी वारा फिरला. जमिनीकडून कोरडी थंड हवा आली, आभाळ लख्ख झालं आणि मिस्त्रींची पळवाट बंद झाली.

मला काखेत मारून ते शेजारच्या बाईंकडे गेले. त्या हवामान कार्यालयात नोकरीला होत्या. मिस्त्री हळूच म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका, पण मला यातून आजवर काहीच दिसलं नाही."

"ठेवता कुठे?"

"शेगडीवरच्या फळीवर."

बाईंना हसू आवरेना. "अहो, वाफ कोंडलीय आत. डोळ्याकडचं भिंग काढा आणि दिवसभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. गार होऊ द्या तिला. आणि मफलर लांब ठेवा, त्यातल्या मिठाच्या कणांनी काच ओरखडते."

त्या दिवशी मी पहिल्यांदा निवांत गार झाले. अंधार पडताच नातीने डोळा लावला.

"आबा, कडी तिरपी आहेत. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

मिस्त्री वाकले आणि त्यांनी पाहिलं. "कसं सांगणार बाळा? मीही आजच बघतोय."

"मग इतकी वर्षं काय दिसत होतं?"

"वाफ."

ती रागावेल, या धास्तीने ते अंग चोरून उभे राहिले. नातीने वही मिटून बाजूला ठेवली. "मग आधी तुम्ही पोटभर बघा. मी नंतर काढते चित्र."

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला उबेत कोंडू नका आणि मळक्या कापडाने पुसू नका. तिच्यातून काही दिसलं नाही, तर सरळ नाही म्हणा. आम्हाला त्याचा राग येत नाही. त्या संध्याकाळी मिस्त्रींचा डोळा माझ्यापासून हलेना, म्हणून शेवटी नातीची आजीच त्यांचं ताट घेऊन गच्चीवर आल्या.