दोनशेच्या खाली

"घ्या, मिस व्हर्निस. तोंड गोड करा," ओडेल मॅबरीने डोनटचा खोका तिच्यापुढे धरला. "पास झालो."

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या व्हर्निस टिसडेलने खोक्याकडे बघितलंही नाही. त्याच्या दुसऱ्या हातातला रक्ततपासणीचा कागद तिने ओढून घेतला. एकशे सत्त्याऐंशी. मागच्या उन्हाळ्यात हाच आकडा चारशे दहा होता. तिला तो पक्का आठवत होता, कारण तेव्हाही कागद दाखवायला तो तिच्याकडेच आला होता. डॉक्टरांनी पाठ थोपटलेली असूनही तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

हार्लन फॉल्समध्ये ज्यांच्या अंगात एचआयव्हीचा विषाणू आहे, त्या सगळ्यांना हे गणित तोंडपाठ होतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तात दोनशेच्या खाली गेल्या, की तुम्हाला एड्स झाला असं धरायचं आणि मग राज्य सरकार तुमचं घरभाडं भरणार. दोनशे एक असल्या तर नाही भरणार. दोनशे एकवाल्याने औषधं वेळेवर घ्यावीत, पोटभर खावं, आठ तास झोपावं, असं सगळे डॉक्टर सांगत. कुठे झोपावं ते मात्र कुणी सांगत नसे. ज्या कुणी हा नियम लिहिला, तो स्वतःच्या पलंगावर झोपून उठला असणार, नाहीतर असली अक्कल सुचली नसती.

ओडेल शेचाळीस वर्षांचा. सतरा वर्षं त्याने लोकांचं घरसामान हलवलं होतं. गावातल्या निम्म्या घरांचे जिने त्याला पाठ होते, कुठल्या वळणावर कपाट अडतं तेही. आजाराचं कळल्यावर मालकाने आधी त्याला हातमोजे दिले, मग रजा दिली आणि मग कायमचीच रजा दिली. आता दुसरा हिवाळा तो बेघरांच्या निवाऱ्यात काढत होता. तिथे संध्याकाळी सहाला आत घेत आणि सकाळी सहाला सामानासकट बाहेर काढत. एकदा कुणाच्या तरी हाती त्याच्या गोळ्यांची बाटली लागली. दुसऱ्या दिवशी त्याची खाट संडासाच्या दाराशी सरकवलेली होती आणि तो ज्या कपातून कॉफी प्यायचा तो कप कचऱ्यात होता. तेव्हापासून तो गोळ्या मोज्यात लपवायचा.

"कधीपासून बंद केल्यास?" व्हर्निसने विचारलं.

"काय?"

"ओडेल, लेका, मी सत्तावन्न वर्षांची आहे. मला शेंड्या लावू नकोस. गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तो हसला. खोक्याचं झाकण लावत म्हणाला, "ऑक्टोबरपासून. आणि रागावता काय? तुम्हीच तर वाट दाखवलीत."

ते खरं होतं. गेल्या सप्टेंबरात एका रविवारी तिने त्याला जेवायला बोलावलं होतं. रताळ्याचं गोड पक्वान्न खाऊन झाल्यावर, ओट्याशी भांडी पुसता पुसता, तिने जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली होती. अकरा वर्षांपूर्वी ती बहिणीच्या मोडक्या गाडीत राहायची. पेशी दोनशे साठ. चार महिने तिने रोज सकाळी पेट्रोल पंपाच्या संडासात गोळ्या टाकून पाणी ओतलं. एकशे साठवर आली तेव्हा तिला घर मिळालं आणि घराबरोबर न्यूमोनिया. पाच आठवडे ती इस्पितळात होती आणि तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर चढताना तिला दोनदा थांबावं लागे. म्हातारपणी माणसं जुनी पापं हसत सांगतात तशी तिने ती सांगितली. ऐकणारा ती शिकून घेतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. मग वाटलं की थोबाडीत द्यायचीच तर ती स्वतःला द्यावी. आणि तिसऱ्यांदा वाटलं, की खरी थोबाडीत ज्यांना द्यायला हवी ते दीडशे मैलांवर राजधानीत उबेला बसलेत, त्यांच्यापर्यंत आपला हात पोचत नाही.

"आज रात्रीपासून सुरू कर," ती म्हणाली.

"तीन आठवडे थांबा. घरभाड्याच्या खात्याचा माणूस येऊन पुन्हा रक्त तपासणार. मधेच वर चढलो तर सगळं मुसळ केरात." मग त्याने आवाज खाली केला. "सायकमोर रस्त्यावरची खोली आहे, तळमजला. मी बाहेरून बघून आलो. खिडकीखाली पलंग बसेल. आधी पलंग लावायचा असतो, मिस व्हर्निस. मग बाकीचं सामान आपली जागा आपण शोधतं."

पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. अकराव्या दिवशी निवाऱ्याच्या पायरीवर ओडेल खोकता खोकता खाली बसला तो उठला नाही. रुग्णवाहिकेने त्याला व्हर्निस जिथे कामाला होती त्याच इस्पितळात आणलं. ती तळघरातल्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. जेवणाच्या सुट्टीत ती पाचव्या मजल्यावर गेली. त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. या खाटेवरच्या चार दिवसांना जेवढा खर्च होत होता तेवढ्यात सायकमोर रस्त्यावरची खोली वर्षभर भाड्याने मिळाली असती. खाटेचे पैसे सरकार बिनबोभाट भरत होतं.

त्याने मुखवटा बाजूला करून तिचं मनगट धरलं. गुरुवारी राजधानीत सुनावणी आहे, हे त्याला माहीत होतं. दोनशेची अट काढून टाकावी आणि विषाणू असलेल्या प्रत्येक बेघराला सरकारने घरभाडं द्यावं, असा कायद्याचा मसुदा आमदारांच्या समितीपुढे होता आणि व्हर्निस तिथे बोलणार होती.

"माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "सातवं कलम."

तिला सातवं कलम कुणी समजावून सांगायला नको होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर ते होतं: मी माझा आजार जाणूनबुजून वाढवलेला नाही. खाली सही. खोटं निघालं तर घर रद्द. ओडेलची सही होऊन गेली होती. व्हर्निस दर जानेवारीत त्याच कलमाखाली सही करत आली होती, एकूण अकरा वेळा.

"नाही घेणार," ती म्हणाली.

"शपथ?"

"तोंडावर ठेव ते आधी. शपथ."

गुरुवारी सकाळी चर्चच्या बसमधून अठ्ठावीस माणसं निघाली. डॉटी क्रेनशॉ पुढच्या सीटवर होती. डॉटी निवृत्त शिक्षिका, गोरी, सत्तरीची. या रोगाने तिचा मुलगा गेला त्याला सोळा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती दर वर्षी माणसं गोळा करून राजधानीला नेत होती. प्रत्येकाचं दोन मिनिटांचं भाषण तीच कार्डावर लिहून द्यायची, घड्याळ लावून म्हणवून घ्यायची. व्हर्निसच्या कार्डावर सुरुवातीला समितीचे आभार होते आणि शेवटीही आभार होते. राग दाखवू नका, डॉटी बसमध्ये सगळ्यांना बजावत होती, रागावलेल्या माणसाचं आमदार ऐकत नाहीत.

"आणि न रागावलेल्यांचं किती ऐकलं?" व्हर्निसने विचारलं. "सोळा वर्षं तू गोड बोलतेयस, डॉटी. गोड बोलणारे निम्मे पुरलेत आपण."

डॉटीने चष्मा काढून पुसला, आणि व्हर्निसला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

सुनावणीच्या दालनात त्यांना चार तास बसवलं. आधी बांधकामवाले बोलले, मग घरमालकांची संघटना, मग खात्याचे अधिकारी, त्यांना कुणी घड्याळ लावलं नाही. रोग्यांची पाळी आली तोवर नऊपैकी चार आमदार उठून गेले होते आणि एकजण सँडविच खात होता. बोलणाऱ्याच्या टेबलावर एक दिवा होता. हिरवा असेपर्यंत बोलायचं, लाल झाला की गप्प. एका बाईचा लाल दिवा ती रडत असतानाच लागला, आणि अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

व्हर्निस टेबलाशी जाऊन बसली. ती कार्ड वाचणार तोच व्हिटलॉक नावाच्या आमदाराने हात वर केला. माणूस उद्धट नव्हता. आवाज मऊ होता, आणि म्हणूनच व्हर्निसचं डोकं जास्त तापलं. तो म्हणाला की सकाळपासून आपण एकच गोष्ट ऐकतो आहोत, या अटीपायी लोक औषधं सोडतात म्हणे. पण खात्याकडे अशी एकही नोंद नाही. सगळ्यांनी सातव्या कलमाखाली सही केलेली आहे.

"मला एक नाव सांगा," व्हिटलॉक म्हणाला. "एकच. एका खोलीसाठी कुठला शहाणा माणूस स्वतःला आजारी पाडून घेईल? ऐकीव गोष्टींवर सरकारी तिजोरी उघडता येत नाही, बाई."

मागच्या रांगेत डॉटी पुढे वाकली. तिला ओडेलचं माहीत होतं. "सांग त्याला," ती कुजबुजली. "व्हर्निस, हीच वेळ आहे. सांग."

डॉटी चुकीचं बोलत नव्हती. पाचव्या मजल्यावर त्या क्षणी एक माणूस श्वासासाठी झगडत होता, त्याने सांभाळायला दिलेले दोन्ही रक्ताचे कागद व्हर्निसच्या पर्समध्ये होते, आणि ते टेबलावर टाकले असते तर त्या मऊ आवाजाची बोबडी वळली असती. कदाचित कायदा झाला असता. शेकडो लोकांना घरं मिळाली असती. ओडेलला मात्र मिळालं नसतं. आणि तो मुखवटा लावून पडला होता तो सायकमोर रस्त्यावरच्या खिडकीखाली पलंग लावायचा म्हणूनच.

दिवा अजून हिरवा होता. व्हर्निसने कार्ड उलटं ठेवलं.

"नाव पाहिजे ना? लिहून घ्या. व्हर्निस टिसडेल. अकरा वर्षांपूर्वी माझ्या पेशी दोनशे साठ होत्या. मी गाडीत राहत होते. तुमच्या खात्यातल्या बाईने मला सांगितलं, अजून थोडं आजारी पडून ये. तोंडावर सांगितलं, आणि वाईट मनाने नाही सांगितलं, नियमच तो. मी चार महिने गोळ्या संडासात टाकल्या. मग सही केली. दर वर्षी करतेय."

सँडविच खाणाऱ्याचं तोंड थांबलं.

"बाई," व्हिटलॉक हळू म्हणाला, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? इथे सगळं नोंदलं जातं. मी हे आत्ता वगळायला सांगू शकतो."

"वगळायचं नाही. तुमच्याकडे नोंद नव्हती ना? ही घ्या." तिचा आवाज चढला तो तिने चढू दिला. "शहाणा माणूस कोण करेल असं विचारता. साहेब, शहाण्यानेच केलं. तुम्ही भाव लावलात, आम्ही मोजला. घर हवं तर फुप्फुस द्या म्हणालात, मी दिलं. मला वेडी म्हणू नका. असली किंमत सांगणाऱ्याला काय म्हणायचं ते आज तुम्ही सगळे मिळून ठरवा."

दिवा लाल झाला. अध्यक्षांनी घसा खाकरला, पण पुढचं नाव पुकारलं नाही. मागे डॉटी रडत होती का काय, व्हर्निसने वळून पाहिलं नाही. अकरा वर्षांत घराच्या भिंतींना तिने दोनदा स्वतःच्या हाताने रंग दिला होता. ते सगळं आता किती दिवसांचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

कोपऱ्यात टंकन करणारी लघुलेखिका अवघडून उभी राहिली. नोंदीसाठी पूर्ण पत्ता लागतो, ती म्हणाली, द्यायचा नसेल तर तसं लिहिते.

"द्यायचाय," व्हर्निस म्हणाली. कोट सारखा करून ती ताठ बसली, आणि लिहिणारीला पुरेल इतक्या सावकाश सांगू लागली. "एकशे बारा, डेलावन रस्ता. तिसरा मजला, उजवीकडचं दार. बेल बिघडलीय, खात्याच्या माणसाला दार जोरात वाजवायला सांगा. चारनंतर मी घरी असते."