बिनधुराचं तेल

"धुराचं देऊ की बिनधुराचं?" अनिलने विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

देवरूखच्या बाजारात त्याचं यंत्रांचं दुकान आहे. ग्रासकटर, फवारणीचे पंप, झाडं कापायच्या करवती, सगळं मिळतं. माझा ग्रासकटर त्याच्याकडचाच. त्या मशिनीला नुसतं पेट्रोल चालत नाही, पेट्रोलात तेल मिसळून घालावं लागतं. इतकी वर्षं मी रिकामी बाटली पुढे करायचो, तो पिंपातलं सुटं तेल भरून द्यायचा आणि मी गाडी पकडायचो. आता त्याने फळीवर लाल, हिरव्या, निळ्या बाटल्यांची आरास मांडली होती.

"हे साधं मिनरल, काका. हे सेमी सिंथेटिक. आणि हे फुल सिंथेटिक, पण ते तुम्हाला नको, महाग आहे."

"मला त्यात भजी तळायची नाहीत. गवत कापायचंय."

"म्हणूनच सांगतोय. ते सुटं तेल जुन्या स्कूटरींसाठीचं. त्याने प्लग काळा होतो, सायलेन्सर तुंबतो. त्यात तुमचा हात सढळ. मी एक माप सांगितलं की तुम्ही दोन ओतता. तुमच्या बागेत किती धूर होत असेल!"

हे खरं होतं. मशीन कोरडी पडू नये म्हणून मी नेहमीच थोडं जास्त तेल घालतो. माणसाला जेवताना आग्रह करतात, मशिनीने काय घोडं मारलंय? हे मी त्याला ऐकवणार, तेवढ्यात खोकला आला. हा खोकला गेला पावसाळाभर मुक्कामाला होता आणि यंदाही हलायचं नाव घेत नव्हता. दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरने धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं होतं, जसा काही मी हौसेने धुरात जाऊन बसतो. अनिलने बिनधुराच्या तेलाची हिरवी बाटली माझ्या पिशवीत टाकली, वर एक मापाचं भांडंही फुकट दिलं. मी तेही पिशवीत टाकलं.

आमची वाडी डोंगरात आहे. एसटी खाली फाट्यापर्यंत येते, पुढे दगडी पायऱ्यांची पाखाडी चढायची. घरं पुष्कळ, पण कुलपं त्याहून जास्त. माणसं मुंबईला. गणपतीत आणि शिमग्यात येतात, आरडाओरडा करतात, वाडी जिवंत आहे असं चार दिवस वाटतं आणि मग परत कुलपं. बाकी वर्षभर इथे दोनच चुली पेटतात. एक माझी, ती आता गॅसची, आणि दुसरी ओढ्याच्या, आमच्या भाषेत पऱ्याच्या, पलीकडे विमल वहिनींची. मधे ओढ्याची घळ आणि तिच्यावर लाकडी साकव.

वहिनींचा नवरा सदू माझा जोडीदार होता. तो गेला आणि वहिनींचे कानही त्याच्या मागोमाग गेले. आता शेजारी वीज पडली तर "कोण हाक मारतंय काय?" असं विचारतील. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मला दोन वाक्यांत धाप लागते. म्हणून आम्ही बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, काही नव्हतं. कधी मासेवाली फाट्यावर आली तर तिथे भेट व्हायची, बांगडे ताजे आहेत की नाहीत एवढं खुणेने ठरायचं.

गेल्या वर्षी वरच्या वाडीतला सोनू घरात पडून गेला. एकटाच राहायचा. मीटर बघायला आलेल्या माणसाला वास आला तेव्हा कळलं. सगळे म्हणाले, अरेरे, कोणाला पत्ताच लागला नाही. मीही म्हणालो. पण घरी आलो तो माझा मी राहिलो नाही. मला पडल्यावर कोणाला पत्ता लागणार? बायको येसू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी रुचिरा बदलापूरला, रविवारी फोन करते. त्यासाठी मला वर कातळावर चढावं लागतं, घरात रेंज नाही. एखाद्या रविवारी मी चढलो नाही तर ती म्हणेल, बाबांना कंटाळा आला असेल. तिची चूक नाही, मला खूपदा कंटाळा आलेला आहे. मरणाची भीती मला नाही वाटत. पण आपण पडून आहोत आणि जगात कोणाच्या ते खिजगणतीत नाही, याची मला फार भीती वाटते. गेलं वर्षभर ती माझ्या उशाशी होती.

सकाळी उठलो की मी मिसरी लावत अंगणात उभा राहतो. समोर वहिनींच्या न्हाणीतली चूल पेटते, कौलांतून धूर वर येतो. मग मी आत जाऊन चहा ठेवतो. कोणी विचारलं असतं की धुराचा आणि चहाचा काय संबंध, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तर नवं तेल आणलं. या खेपेला शहाण्यासारखं माप घेतलं, पेट्रोलात मिसळलं, बाटली हलवली. खालच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत गवत कमरेएवढं होतं. मशीन पाठीवर घेतली, दोरी ओढली आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. मागे वळून बघतो तर धूर नाही. विडी सोडलेल्या माणसासारखी शांतपणे चालत होती. खोकलाही आला नाही. अनिलला उगाच बोललो असं वाटलं. पुढच्या खेपेला त्याला तसं सांगायचं ठरवलं आणि लगेच ते रद्दही केलं, डोक्यावर बसला असता.

दुसऱ्या दिवशीही तसंच झकास काम झालं. तिसऱ्या दिवशी मी बागेच्या दगडी गडग्याच्या कडेचं गवत कापत होतो, तेवढ्यात मानेवर काहीतरी येऊन लागलं. बघतो तर आंब्याची सुकी काटकी. तिच्यामागे वहिनी उभ्या होत्या. लुगडं वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, एका हातात काठी, दुसऱ्यात कोयती. मशिनीच्या आवाजात मी काही ऐकणार नाही म्हणून त्यांनी काटकी मारली होती. मी मशीन बंद केली.

"जिवंत हायत म्हंजे!" त्या ओरडल्या.

"मला काय झालंय?"

माझं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी काठी मशिनीकडे रोखली. "धूर कुठं गेला तुमचा?"

"कसला धूर?"

"रोज तुमच्या बागेवर निळा धूर येतो. मना आवाज तर काय येत नाय. धुनी वाळत घालताना धूर बगते. धूर दिसला की म्हनते, चला, भावोजी उभे हायत. परवा नाय, काल नाय, आज पन नाय. म्हटला, त्या सोनूसारका काय झाला की काय!"

मी मशीन पाठीवरून उतरवून खाली ठेवली. वर्षभर मी ज्या भीतीला उशाशी घेऊन झोपत होतो, तिचं उत्तर समोर अंगणात रोज धुणं वाळत घालत होतं. माझ्यावर कोणाचं तरी लक्ष होतं. आणि मी अक्कल चालवून तो धूरच बंद करून टाकला होता.

झाडाखालची हिरवी बाटली आणून मी त्यांना दाखवली. मशिनीकडे बोट केलं, हवेत हात फिरवून धूर नाही अशी खूण केली. त्यांनी बाटली उघडून हुंगली आणि परत दिली.

"ह्येचा काय उपेग?" त्या म्हणाल्या.

मग त्या गडग्यावर टेकल्या आणि मला त्यांचा गुडघा दिसला. साकवावर शेवाळ होतं, तिथे पाय घसरला होता. गुडघा चांगलाच सुजला होता. तशाच त्या सबंध चढ चढून आल्या होत्या, मी मेलोय का ते बघायला. मी त्यांचा हात धरून त्यांना घरी पोचवलं. कोणाचा हात हातात घेऊन मी कधी चाललो होतो ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी परत अनिलकडे गेलो.

"सुटं दे."

"काका, अहो तुमचा खोकला!"

"खोकला माझा आहे. तू तेल दे."

यावेळी हात चांगला सढळ सोडला. मशिनीने बागेवर असा धूर काढला की मला समोरचं कलम दिसेना. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसून मी पऱ्यापलीकडे बघितलं. वहिनी अंगणात उभ्या होत्या, एक हात भिंतीला. त्यांनी हात वगैरे हलवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. घटकाभर बघितलं आणि लंगडत आत गेल्या. तेव्हापासून ज्या दिवशी गवत कापायचं नसे, त्या दिवशीही मी सकाळी बागेत जाऊन मशीन नुसतीच चालू करायचो. पेट्रोल फुकट जायचं. जाऊ दे.

दिवाळीत त्यांचा मुलगा स्वरूप नालासोपाऱ्याहून आला. पोरगा चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. त्याने आईचा गुडघा बघितला, कसं झालं विचारलं, आणि वहिनींनी काही न लपवता सगळं सांगून टाकलं. तो माझ्याकडे आला. ओटीवर बसून खाली बघत म्हणाला, "भिवाकाका, आई या वयात पऱ्या ओलांडून तुमच्या बागेत येते. उद्या साकवावरून खाली गेली तर आम्हाला पत्ता तरी लागेल का?"

माझाच प्रश्न त्याने मला विचारला होता.

भाऊबीज झाली तशी तो त्यांना घेऊन गेला. फाट्यावर रिक्षा उभी होती. वहिनींनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"आठवड्यातनं एकदा चूल पेटवा, भावोजी. धूर लागला नाय तर वासे वाळवी खाईल."

मी मान हलवली. मला त्यांना सांगायचं होतं की, वहिनी, मीही रोज तुमचा धूर बघतो आणि मगच चहा ठेवतो. पण त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार. स्वरूप तिथे उभा होता, रिक्षावाला उभा होता. आणि ती काही ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. रिक्षा गेली. मी पाखाडी चढून घरी आलो.

ते हिरवं तेल मी घेतलं नसतं तर वहिनी इथेच असत्या. हा हिशेब मी सगळ्या बाजूंनी करून बघितला, उत्तर तेच येतं.

वरच्या बागेतलं गवत अजून राहिलं होतं आणि सुटं तेल संपलं होतं. देवरूखला गेलो. अनिलने मला बघून स्वतःच पिंपाजवळची बाटली उचलली.

"सुटंच ना?"

"नको. ते हिरवं दे."

"शेवटी पटलं ना, काका!" तो इतका खूष झाला की मला त्याला दुखवावंसं वाटेना.

"पटलं," मी म्हणालो.

बिनधुराच्या तेलाने वरची बाग साफ झाली. खोकलाही गेला. मशीन मस्त चालते, तक्रारीला जागा नाही.

वहिनींच्या घरी मी ठरल्याप्रमाणे आठवड्याने जायचो. चूल पेटवायची, विझेपर्यंत बसायचं, कुलूप लावून यायचं. मग एक दिवस असाच अंगणात उभा असताना ऊन पायांपर्यंत आलं आणि माझ्या लक्षात आलं की अजून चहा झालेला नाही. आदल्या दिवशीही असाच उशीर झाला होता. त्याच्या आदल्या दिवशीही. मी समोर बघत उभा राहत होतो आणि समोर काही होत नव्हतं.

किल्ली घेतली. साकवावर आता दोर बांधलाय, तो धरून पलीकडे गेलो. न्हाणीतल्या चुलीत नारळाची अर्धवट ओली सोडणं घातली, म्हणजे धूर जास्त होईल. फुंकून फुंकून पेटवली. गेलेला खोकला परत आला, त्याला म्हटलं, ये बाबा. मग दार नुसतं ओढून घेतलं आणि पायांना झेपेल तेवढ्या घाईने परत निघालो. मी पोचेपर्यंत ती विझू नये एवढंच डोक्यात होतं. अंगणात आलो, दम खाल्ला आणि मग वळून बघितलं.

कौलांतून धूर येत होता. वारा नव्हता, सरळ वर चालला होता, त्या असताना जायचा तसाच.

मी आत गेलो आणि चहा ठेवला.