दूध पिणारी भेग

रायपूरच्या शंकर नगरातल्या गोदावरीबाईंच्या गॅरेजची जमीन दूध पिऊन राहिली, ही खबर सकाळी सातला फुटली आणि नऊच्या आत अर्धा पारा, म्हणजे अर्धी वस्ती, लोटे घेऊन फाटकात! काँक्रीटला मधोमध बोटभर रुंद भेग पडलेली, एक बाजू चार बोटं खचलेली. भेगेत लोटा ओतला की दूध गुडुप, थेंब वर राहत नव्हता.

भेगेच्या उशाशी शालिग्राम महाराज मांडी ठोकून बसले होते. "पियो माता, पियो! ही साधी धरती नाही हो, क्षीरसागराची धाकटी बहीण आहे!"

गोदावरीबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. चौथी नापास बाई, पण समोरच्या बंगल्यातली शर्मिष्ठा, जी कधी मान हलवत नसे, ती आज चक्क पाया पडून गेली.

"ढकलू नका! माता काही पळून नाही चालली!" बाई कमरेवर हात ठेवून रांग लावत होत्या.

तेवढ्यात महाराजांनी डोळे पांढरे केले. "माता रागावली! या घरची सून गाडी चालवते. चाकाखाली माता चिरडून राहिली. गाडी विका, सुनेले घरी बसवा. भेग आपोआप मिटते!"

"हव, हव!" गर्दी म्हणाली.

सून राधिका हातात किल्ली घेऊन उभी होती. "आई, माझं ऑफिस नव्या रायपूरले. बसचा काही भरवसा नाही. गाडी गेली म्हणजे नोकरी गेली."

"मम्मी, महाराज बोल रहे हैं तो..." मुलगा निरंजन पुटपुटला.

"तू चूप बस! लोटा धर."

बाई रांग सरळ करायला तरातरा फाटकाशी गेल्या आणि थबकल्या. बाहेरच्या नालीत सात मांजरं ओळीनं बसून लपालपा चाटत होती. नाली पांढरीफेक! बाईंनी वाकून वास घेतला. दूध.

त्यांनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि पूजेचं निमित्त करून जमीन ठोकली. भिंतीशी आवाज आला टण टण, भेगेजवळ ढब ढब. जन्मभर मडकी वाजवून घेतलेला कान तो. खाली पोकळ होतं.

आणि काहून पोकळ, हे साऱ्या पाऱ्यात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं! बोलावं तर आजच मिळालेला मान आजच जाणार. गप्प राहावं तर पोरीची नोकरी जाणार. राधिकेनं किल्ली खुंटीला अडकवली, तेव्हा बाईंच्यानं राहवलं नाही.

त्यांनी लोटाभर दुधात कपड्यांची नीळ कालवली.

"वा माताजी! साक्षात विष्णूचा रंग!" महाराज डोलले.

"डोलणं नंतर करा. आधी सगळे चला माह्यासंगं फाटकाशी."

दूध भेगेत ओतून, वर बादलीभर पाणी सोडून बाई पुढे निघाल्या. गर्दी मागे. पाहतात तो नाली निळीशार, आणि एका बोक्याच्या मिशासुद्धा निळ्या! हसता हसता लोकांच्या हातचे लोटे पडले.

"पाहा तुमची क्षीरसागराची बहीण! नालीतून चालली माहेरी!"

"ये तो लीला है..." महाराज मागे सरकत म्हणाले.

"लीला माही आहे, ऐका! गॅरेज बांधताना गवंडी म्हणत होता मुरूम भरा, थर थर ठोकून बसवा. मी म्हटलं, अंगणात कन्हार पडली आहे, तेच काळी माती टाक, न् लवकर उरक. खालून धुण्याच्या पाण्याचा पाइप जाते, तो फुटला. माती त्याच्यातून वाहून गेली, काँक्रीट अधांतरी राहिलं न् बसलं. पाइपाच्या वाटेनंच तुमचं दूध नालीत आलं. चूक सुनेच्या चाकाची नाही, माह्या अकलेची!"

"म्हणजे तुम्हीच केलं हे?" शर्मिष्ठेचा आवाज चिरकला.

"हव, मीच! पाया पडली ते परत घेऊन जा."

महाराज चपला सोडून पळाले. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं काँक्रीट फोडलं. कन्हार उपसली, पाइप बदलला, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकला, मग नवं काँक्रीट टाकलं. पण ते टाकण्याआधी बाईंनी सारा पारा खड्ड्याशी बोलावला.

"वाका, न् हात घालून पाहा. आहे का कोणी माता? जमीन खचते तर तिले कारण असते. आपल्याले नाही समजलं तर जाणत्याले विचारा. विचारायची लाज वाटते म्हणून घरातल्या पोरीच्या माथी मारू नका."

राधिकेची गाडी रस्त्यावर सुरू झाली. बाईंनी गर्दी हातानं बाजूला सारली. "सरका! ऑफिसले उशीर होऊन राहिला तिले."