फुकटचा कंदील

मनवेलपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रराव यांना समाजसेवेची फार हौस. अर्थात, स्वतःच्या खिशाला हात न लावता होणाऱ्या समाजसेवेची!

त्यांच्याच इमारतीतली स्वप्ना वालीवच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडून घरी कागदी कंदिलांचे नमुने काढू लागली होती. गिऱ्हाइकाने नमुना मोबाइलवर विकत घ्यायचा, छापायचा, कापून चिकटवायचा. एकदा जीव ओतून काढलेला कंदील दर दिवाळीला विकला जाई, तारा दर नाताळला. त्यावर तिचं घर चालू लागलं होतं.

यंदा जितेंद्ररावांनी एक नमुना विकत घेतला आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या स्वप्नावहिनींची कला! सर्वांनी लाभ घ्यावा!' लोकांनी तो घेतलाच. मेहुण्यांना, शाळेच्या ग्रुपला, पार राजोडीपर्यंत पाठवला. दिवाळीत गल्लीभर तिचेच कंदील लटकले आणि तिची विक्री मात्र बंद पडली. नाताळचा नवा तारा अर्धवट टाकून ती पुन्हा वालीवला नोकरी शोधू लागली.

शेजारच्या अँजेलिना आँटींनी जितेंद्ररावांना जिन्यातच गाठलं. "तिच्या पोटावर पाय दिलात तुम्ही!"

"अहो आँटी, फाइल तर तिच्याकडेच आहे ना? कमी काय झालं तिचं? उलट फुकट पब्लिसिटी केली मी!"

धन्य ती अक्कल!

संध्याकाळी जितेंद्रराव गाडी घेऊन आले, तर त्यांच्या पार्किंगमध्ये आँटींची स्कूटर आणि शेजारी आँटींच्या जावयाची बाइक. ते कडाडले, "ही माझी जागा आहे! विकत घेतलीय मी!"

"जागा तर तुमच्याकडेच आहे ना?" आँटी शांतपणे म्हणाल्या. "कमी काय झालं तुमचं?"

आपलेच शब्द ऐकून जितेंद्रराव गाडीतून उतरले. आँटी पुढे म्हणाल्या,

"जागा एकदा घेतली, ती आयुष्यभर तुमची. मग स्वप्नाने स्वतः काढलेला कंदील आयुष्यभर तिचा का नाही?"

अरेरे! शरमेने जितेंद्ररावांची मान खाली गेली. ते थेट स्वप्नाच्या दारात गेले. "वहिनी, चुकलो मी. तारा पूर्ण करा. पहिलं गिऱ्हाईक मी." मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'तो नमुना वाटायचा मला हक्क नव्हता. पुसून टाका आणि वहिनींकडून विकत घ्या.'

काहींनी खरंच विकत घेतला. स्वप्नाने पुन्हा कागद पुढे ओढला. बाकीच्यांनी मात्र ग्रुपवर नुसता अंगठा पाठवला.

मंडळी, त्या अंगठ्यांत आपला तर नाही ना? कुणी स्वतः घडवून काही विकत असेल, तर त्याचं कौतुक विकत घेऊन करा. दुसऱ्याची मेहनत फुकट वाटणाऱ्याला समाजसेवक म्हणत नाहीत, चोर म्हणतात!