वीतभर डावीकडे

मृणालिनीला खरं तर पिस्तूल हवं होतं. तिचा भाऊ पृथ्वीराज टेक्ससमध्ये लांब नळीच्या पिस्तुलावर दुर्बीण बसवून हरणं मारायचा आणि त्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे खांद्याला न टेकवता चालवायचं हत्यार तिला फार सोयीचं वाटलं. कारखान्यातल्या डगने तिला पहिल्याच दिवशी जमिनीवर आणलं. टेक्ससचे कायदे सीमेच्या उत्तरेला, इथे, चालत नाहीत; इथे पिस्तुलाने शिकार करता येत नाही, आणि आता नवीन पिस्तूल विकतही मिळत नाही. तेव्हा रायफल, आणि ती खांद्याला सोसेल अशी.

डग हा केंब्रिजच्या कारखान्यात तिच्याच क्वालिटी विभागातला, बासष्ट वर्षांचा, मोजकं बोलणारा माणूस. उत्तरेला चार तासांवर त्याच्या आजोबांपासूनचा शिकारीचा कॅम्प होता. दर नोव्हेंबरला तो आणि त्याचे तीन दोस्त तिथे जात, आणि परत आल्यावर महिनाभर जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे. नऊ वर्षं मृणालिनी त्या टेबलावर आपला डबा खात नुसती ऐकत होती. कुणी तिला काही विचारायचं नाही. दहाव्या वर्षी तिला जिद्दच पेटली. बंदुकीचा आणि शिकारीचा असे दोन्ही कोर्स करून तिने लायसन्स काढलं, आणि मग डगने दोस्तांकडे तिच्यासाठी शब्द टाकला.

काडतूस निवडायला तिने काय करावं? एक्सेल शीट. खांद्याला बसणारा दणका एका रकान्यात, गोळीची ताकद दुसऱ्यात, शंभर यार्डांवर ती किती खाली येते ते तिसऱ्यात. डगच्या मते थ्री-ओ-एट या दणकट काडतुसाला तोड नव्हती. शीटच्या मते टू-फॉर्टी-थ्री या हलक्या काडतुसाचा दणका त्याच्या जवळजवळ निम्मा होता. डगने शीट नीट वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला की काडतूस चांगलं आहे, हरणाला पुरेसं आहे, पण ते चूक पोटात घालणारं नाही. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवणाच्या ताटाएवढी जागा. गोळी त्या ताटात पडली तर जनावर दहा पावलांत कोसळतं. बाहेर पडली तर ते दोन दिवस जंगलात तडफडतं, आणि तुला सापडतही नाही.

दुर्बिणीवरूनही वाद झाला. मृणालिनीला चंद्रावरचे खड्डे दिसतील अशी हवी होती. डगने तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी घ्यायला लावली, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात मोठेपणापेक्षा उजेड कामाचा. दुर्बिणीच्या वरच्या आणि उजव्या अंगाला एकेक फिरकी होती, दोन्हींवर पितळी टोपण. वरची फिरकी एक टिक फिरवली की शंभर यार्डांवर गोळी पाव इंच वर-खाली सरकते, उजवी फिरवली की डावी-उजवीकडे. सप्टेंबरभर रेंजवर घाम गाळून तिने दुर्बिणीतली फुली आणि गोळी पडायची जागा एकावर एक आणली. शेवटच्या तीन गोळ्यांची भोकं एका डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली. डगने नियम सांगितला: रायफलीला कुणाचा हात लागला, तर सीझनच्या आधी पुन्हा तीन गोळ्या कागदावर.

आणि हात लागला.

तिचे सासरे सूर्यकांत, ज्यांना ती बाबा म्हणे, सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे, तिच्या नवऱ्याकडे जयदीपकडे, आलेले. सुनेने बंदूक आणली म्हटल्यावर त्यांनी आठवडाभर अबोला धरला होता. खंडेनवमीच्या सकाळी मात्र त्यांनी आपणहून पाट मांडला. घरातली विळी, जयदीपची ड्रिल मशीन, मृणालिनीचा लॅपटॉप असं सगळं ठेवलं आणि म्हणाले, "मृणाल, तुझं हत्यारही आण. हत्यार असेल तर ते पूजेविना राहू नये."

तिला भरून आलं. ही त्यांची परवानगी होती, हे तिला कळत होतं. तिने गोळी आत ढकलणारा बोल्ट काढून, ट्रिगरला कुलूप लावून रायफल पाटावर आडवी ठेवली. बाबांनी उजव्या अंगाच्या टोपणाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग हात जोडूनच म्हणाले, "एकच सांगतो. जनावराला तडफडवू नकोस." तिने शब्द दिला. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला म्हणून ती बेसमेंटमध्ये गेली. पंधरा मिनिटांनी वर आली तेव्हा बाबांनी रायफल पुसून लख्ख करून ठेवली होती. डाग म्हणून बाबांना सहन व्हायचा नाही, मग तो कागदावरचा असो की कुंकवाचा.

सीझनच्या आधीचा शनिवार रेंजसाठी राखलेला होता. पण तो दिवाळीत आला, आणि चकल्या, करंज्या, जयदीपच्या वॉटर्लूच्या ऑफिसातले सहकारी यांत संपला. नुसतं कुंकूच तर लावलंय, त्याने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. रविवारी संध्याकाळी कॅम्पवर पोचल्यावर तिन्ही दोस्तांच्या देखत डगने विचारलं, "कागदावर तपासलीस ना?"

"हो," मृणालिनी म्हणाली.

तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. क्वालिटीत वीस वर्षं काढलेल्या, कुणी न मोजता आकडा लिहिला तर त्याची पूजा बांधणाऱ्या बाईने सरळ खोटं सांगितलं होतं. रात्री उठून खरं सांगायचा धीर तिला झाला नाही.

सोमवारी पहाटे ती मचाणावर एकटी बसली. अंगावर नारिंगी जाकीट, खाली गोठलेलं गवत, समोर ओढ्याकाठची मोकळी पट्टी. दुसऱ्या टोकाच्या मचाणावर डग होता. सात वाजून दहा मिनिटांनी झाडीतून हरीण बाहेर आलं. चांगला मोठा नर. शंभर यार्डांवर तो आडवा उभा राहिला, तोंड उजवीकडे, अख्खी कूस तिच्याकडे. याहून सोपा नेम कुणाला मिळत नाही.

तिने रायफल हळूच कठड्यावर टेकवली. हातमोजा काढून तिने बोट सरळ केलं, आणि ते जाता जाता उजव्या टोपणाला लागलं. टोपण तिरकं बसलेलं होतं. तिने मान कलती करून पाहिलं. टोपणाच्या खाली, आट्यांत, कुंकवाची बारीक लाल रेघ होती.

कुंकू टोपणाच्या वर लावलं होतं. ते आत गेलं म्हणजे बाबांनी टोपण उघडलं होतं. नुसतं उघडलं, की फिरकीही फिरवली? फिरवली तर किती? कुठल्या बाजूला? हे सांगणारी एकही खूण तिथे नव्हती.

हरीण तसंच उभं होतं. ओढ्याचं पाणी पीत होतं. काही झालंच नसेल, असं एक मन म्हणत होतं, म्हाताऱ्याने नुसतं फडकं फिरवलं असेल. झाड गोळी. नऊ वर्षं कुणी विचारलं नाही, आज झाडली नाहीस तर पुन्हा कधी विचारणार नाहीत. फुली काळजावर स्थिर होती. बोट ट्रिगरवर होतं. आणि दिलेला शब्द आठवत होता. तिला त्या क्षणी बाबांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि फुली धूसर झाली.

तिने बोट काढून घेतलं. हरणाने मान वर केली, सावकाश ओढा ओलांडला आणि ते गेलं.

दहा वाजता सगळे कॅम्पवर जमले. डगने आपल्या मचाणावरून दुर्बिणीतून सगळं पाहिलं होतं. हरीण चार मिनिटं उभं होतं, असं तो म्हणाला. बाकीचे तिघे हसले. पहिल्या वेळी हात गारठतात, सगळ्यांचंच होतं, असं म्हणून एकाने तिच्यापुढे कॉफी ठेवली. तेवढ्यावर भागलं असतं. नुसती मान हलवायची होती.

"मी काल खोटं बोलले," मृणालिनी म्हणाली. "कागदावर तपासली नव्हती." आणि मग पूजेपासून कुंकवापर्यंत सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. डगने नुसती गाडीची किल्ली उचलली.

रस्त्यालगत खडीची जुनी खाण होती, तिथे त्याने शंभर यार्ड मोजून कागद लावला. मृणालिनीने पडून, श्वास रोखून, बरोबर मध्यावर नेम धरला आणि गोळी झाडली. दोघं चालत गेली. मध्य कोरा होता. भोक डावीकडे होतं. डगने अंगठा मध्यावर ठेवून पंजा ताणला, तेव्हा करंगळी भोकाला लागली. पुरी वीत.

"पोटात बसली असती," तो म्हणाला. मग म्हणाला, "खोटं पुन्हा बोलू नकोस. उद्या पाच वाजता निघू."

खाणीत फोनला सिग्नल होता. तिने घरी फोन लावला, बाबांना चांगलं सुनवायचं या इराद्यानेच. त्यांनी पहिल्या घंटेला उचलला.

"मृणाल, झाडलीस का?"

"नाही."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. मग बाबा भडाभडा बोलू लागले. कुंकू टोपणाच्या खाचेत गेलं होतं, म्हणून त्यांनी ते उघडलं. आतल्या फिरकीवरही लाल लागलं, तेव्हा ती फडक्यात धरून फिरवली. टिकटिक झाली तशी घाबरून सोडून दिली. तीन आठवडे रोज सांगायचं ठरवत होते. "म्हाताऱ्याला अक्कल नाही म्हणशील, असं वाटलं गं. रात्रभर डोळा लागला नाही."

तिच्या डोक्यात तिडीक उठली होती, शब्द जिभेवर होते. पण तिला कालची संध्याकाळ आठवली, आणि आपला तो "हो" आठवला. बाबांना बोलायला तिला तोंड राहिलं नव्हतं.

"मीही खोटंच बोलले होते, बाबा," ती म्हणाली. "आता फोन ठेवू नका."

तिने फोन स्पीकरवर टाकून दुर्बिणीशेजारी ठेवला आणि टोपण काढलं. वीत म्हणजे नऊ इंच, म्हणजे फिरकी छत्तीस वेळा टिक व्हायला हवी. कुंकवाने लाल झालेली फिरकी तिने दोन बोटांत धरली.

"मी फिरवते," ती म्हणाली. "या वेळी तुम्ही मोजा."

खाणीत वारा नव्हता. टिक झाली, आणि सांगलीच्या शाळेत पोरांची हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात बाबा म्हणाले, "एक."