चार नंबरचे तीळ

"मावशी, चार नंबर परत लावायचाय," शिल्पा मॅडम प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाल्या, आणि सरजाबाईच्या हातातली काचेची नळी बेसिनमध्ये पडता पडता राहिली.

"काऊन? बिघडला का?"

"बिघडतोय कसला. इतका चांगला आलाय की माझाच विश्वास बसेना. उद्या बैठकीत तिळाचं हेच वाण मांडायचंय, एकदा खात्री करून घेऊ."

मशीनवर रीडिंग घेणारा मल्लिनाथ हसला. "मॅडमचं प्रमोशन चार नंबरात हाय, मावशी. अन् तुमची रोजंदारी पन."

थट्टा होती, पण खोटी नव्हती. एकोणीस वर्षं सरजाबाईचं काम दर मार्चला संपायचं आणि कुणाच्या तरी शब्दावर एप्रिलला पुन्हा सुरू व्हायचं. यंदा तो शब्द मॅडमचा होता.

चौथीनंतर तिनं शाळा सोडली की शाळेनं तिला, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण हा प्रयोग तिला पाठ होता. तिळाची पूड करायची, तिचा अर्क काढायचा, त्यात जांभळं औषध घालायचं आणि नळ्या अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. तेल खवट होऊ न देणारी ताकद जितकी जास्त, तितका जांभळा रंग उडून पिवळा होतो. मॅडम तिला अँटिऑक्सिडंट म्हणत. सरजाबाई म्हणायची, दम.

आणि चार नंबरला एवढा दम कुठून आला, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

ते पाकीट उमरीहून आलं होतं, पावसाच्या झडीत भिजून. मिक्सरमध्ये तिळाचा नुसता लगदा होऊ लागला. मग तिनं तेच केलं, जे तिच्या आईनं केलं असतं: वाटीत घालून हॉटप्लेटवर तडतडेपर्यंत परतले. खमंग वास सुटला तेव्हा तिला बरंसुद्धा वाटलं होतं. नळी पिवळी झाली आणि मॅडम टाळी वाजवून उठल्या, तेव्हा मात्र तिनं हॉटप्लेटवरच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. भाजलेल्या तिळाचं तेल लवकर खवटत नाही, एवढं तिला चुलीनं शिकवलं होतं.

पाकिटात मूठभर तीळ उरले होते, आता खडखडीत वाळलेले. तिनं वाटी हॉटप्लेटवर ठेवली. काढली. पुन्हा ठेवली.

"काय करायलाव मावशी, वाटी वर-खाली?" मल्लिनाथनं विचारलं.

"तुमचं तुमी बगा की."

परतणं म्हणजे पाच मिनिटांचं तर काम. तिनं प्लेटची वायर उपटली आणि तीळ कच्चेच मिक्सरमध्ये ओतले.

नळ्या कपाटात गेल्यावर तो अर्धा तास काही सरेना. तिनं धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या, पुसलेला ओटा पुसला, खिडकीशी जाऊन आली.

कपाट उघडलं. चार नंबर इतरांसारखाच जांभळा.

मॅडम रीडिंगकडे बघत राहिल्या. "मग मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मशीन गरम झालं आसल," मल्लिनाथ म्हणाला. "होतंय कधी कधी."

मॅडमनी मान डोलावली. तेवढ्यावर भागलं असतं.

"मशीनला नाव ठिवू नगा," सरजाबाई म्हणाली. "म्याच भाजले व्हते. ह्ये कच्चे हायत."

"भाजले? कशाला, मावशी?"

"वले व्हते. अन् कच्चे तीळ कोन वाटतंय, मॅडम?"

मल्लिनाथला हसू फुटलं, ते त्यानं गिळलं. मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या मला काय काय ऐकावं लागेल, माहितीय का तुम्हाला?"

"हाव."

मॅडमनी रजिस्टर ओढलं, जुन्या आकड्यावर सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: नमुना भाजलेला होता. मग रजिस्टर फिरवून पेन पुढं केलं. 'नमुना कोणी तयार केला' या रकान्यात एकोणीस वर्षं कुठल्या ना कुठल्या साहेबाच्याच सह्या होत्या.

"इथं तुमचं नाव लिहा."

सरजाबाईनं हात पदराला कोरडे केले. एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. मॅडम पान उलटायला गेल्या, तर तिनं त्यावर हलकेच बोट ठेवलं.

"वाळू द्या की जरा."