लोहनाथ महाराजांची शापित सळई

नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना वेसाव्याच्या कोळीवाड्यात लोहनाथ महाराज अवतरले आणि लोखंडालाही पाप लागतं, हे आम्हाला कळलं. तोवर आम्ही फक्त गंजालाच घाबरत होतो.

मांडवात मुंगीला जागा नव्हती. महाराजांनी झाकलेल्या घंगाळातून सळई काढली. "ही शापित!" दोन दगडांवर आडवी ठेवून घणाचा घाव घातला. काडकन दोन तुकडे! मग पाटावरची सळई घेऊन तिला भस्म फासलं. "ही मंत्रसिद्ध!" घाव बसला. सळई वाकली, तुटली नाही. लोकही वाकले.

तुळशीदास तांडेल पुढे सरसावला. त्याच्या नांगराच्या कडीला चीर गेली होती आणि पौर्णिमेनंतर होडी बाहेर काढायची होती. "महाराज, हिला मंत्र द्या."

"दिला! तुफानातही तुटणार नाही."

तुळशीदासची बायको सगुणा मासे विकणारी. तिने शापित तुकडा उचलला आणि लगेच टाकला. "अगो बाय, हा तर पेटीतल्या पापलेटाहून गार!" तिने घंगाळाचं झाकण उघडलं. आत बर्फ, वर खडेमीठ. "काय हो महाराज, शाप नासतो काय उन्हात?"

तिची नणंद विमला पॉलिटेक्निकात धातुशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "आता घंगाळातल्या दुसऱ्या शापित सळईला भस्म लावा. आणि तुमच्या चांगल्या सळयांतली एक बिनमंत्राची घेऊन बर्फात घाला."

महाराजांना अचानक समाधी लागू लागली, पण लोकांनी लागू दिली नाही. थोड्या वेळाने घाव पडले. भस्म लावलेली शापित तुटली. बिनमंत्राची, बर्फातली, नुसती वाकली.

"तुमची श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"श्रद्धा नाही, फॉस्फरस जास्त पडला," विमला म्हणाली. "स्वस्त पोलादात फॉस्फरस आणि गंधक राहून जातात. गारठलं की असं पोलाद काचेसारखं तुटतं. चांगल्या कारखान्यात वितळलेल्या पोलादावर चुन्याचा थर देतात, तो ही घाण ओढून घेतो. आतला वायूही काढून टाकतात. म्हणून ते चिवट. दोन वेगळ्या मालाच्या सळया, बाकी सगळं भस्म."

"पण माझ्या कडीला मंत्र मिळाला ना?" तुळशीदासने चाचरत विचारलं.

"चिरलेली कडी लाटेच्या एका हिसक्याने जाईल रे दादा. होडीत चार माणसं असतात तुझ्या."

सगुणाने नवऱ्याच्या हातातली कडी ओढून घेतली. "मंत्रावर एवढा भरवसा असेल तर महाराजांनाच घेऊन जा. नांगर म्हणून टाकशील. नाहीतर उठ, नवी कडी आणू."

तुळशीदास उठला. महाराज त्याच्याही आधी उठले होते.

समुद्राला नारळ जरूर वाहा, कोण नको म्हणतंय? पण कडी घेताना ती कोणत्या पोलादाची, हे विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुकान मांडून बसलेला.